बकुळचे इन्सुलिन आणि हर की दूनची वाट : घरी येणाऱ्या शुश्रूषा सेवेचा अनुभव

पुण्यात घरी येऊन पाळीव प्राण्यांची काळजी घेणाऱ्या एका सेवेची मदत मी गेल्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात घेतली. आधी आठ रविवारी फक्त सकाळी, आणि नंतर मी उत्तराखंडातील हर की दूनच्या ट्रेकला गेले तेव्हा सलग नऊ दिवस. त्या सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या मी त्यांच्याशी समोरासमोर बोलले आहे आणि त्यातील बहुतेक त्यांनी मान्य करून दुरुस्तही केल्या आहेत. ज्यांच्या घरी दीर्घ आजाराचे जनावर आहे आणि ज्यांना तरीही काही दिवस फोनच्या पलीकडे जायचे आहे, त्यांना अशी सेवा पारखून घेताना हा अनुभव उपयोगी पडावा, एवढाच हेतू आहे.

बकुळ ही आमची नऊ वर्षांची गावठी कुत्री. सुकलेल्या बकुळीच्या फुलासारखा रंग म्हणून हे नाव. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती अचानक पाणी फार पिऊ लागली, रात्रीतून तीन-तीनदा बाहेर नेण्यासाठी उठवू लागली आणि भरपूर खाऊनही बरगड्या दिसण्याइतकी खंगली. रक्त आणि लघवी तपासल्यावर मधुमेह निघाला. कुत्र्यांचा मधुमेह बहुतेक वेळा इन्सुलिनवाचून आवरत नाही, गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि नसबंदी न झालेल्या मादीत तो अधिक दिसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. आम्ही तिची नसबंदी लगेच करून घेतली. तेव्हापासून सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन्ही वेळा मोजून दिलेले जेवण आणि त्यानंतर सहा युनिट इन्सुलिन, असा आमच्या घराचा दिवस बांधला गेला. मे महिन्यापर्यंत तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तोही याच आजाराचा भाग. आता ती घरात भिंतीच्या आणि वासाच्या आधाराने फिरते, पण इतक्या सराईतपणे की नव्या माणसाला तिला दिसत नाही हे सांगावे लागते.

तिला प्राण्यांच्या वसतिगृहात ठेवण्याचा विचार मी याच कारणाने सोडून दिला. तीन ठिकाणी जाऊन पाहिले. एका ठिकाणी इंजेक्शन लागणारे कुत्रे घेतच नाहीत असे सांगितले, आणि उरलेल्या दोन्ही ठिकाणी जागा स्वच्छ होती, माणसेही प्रेमळ होती. परंतु ज्या कुत्रीला आपल्या घराचा उंबरठा फक्त वासाने ओळखता येतो, तिला अनोळखी पिंजऱ्यात, अनोळखी भुंकण्याच्या गदारोळात नऊ दिवस ठेवणे मला पटेना. भीतीने तिने जेवण सोडले असते तर इन्सुलिनचे सगळे गणितच कोसळले असते, कारण रिकाम्या पोटी पूर्ण डोस दिला की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते, पाय लटपटतात, अंगाला कंप सुटतो आणि झटकेही येऊ शकतात. म्हणून माणूस तिच्याकडे यावा, तिने माणसाकडे जाऊ नये, हे ठरले.

ट्रेक तीन वर्षे पुढे ढकललेला होता. आधी आईचे आजारपण, मग नोकरीतील बदल, आणि आता बकुळ. या वेळीही मी नाव मागे घेणार होते. परंतु जूनमध्ये दिवसभर दर दोन तासांनी साखर तपासून काढलेला आलेख चांगला आला आणि आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की तिची तब्येत स्थिर आहे, घरात जाणता माणूस असेल तर मी जायला हरकत नाही. मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील तुकडीत नाव घातले आणि त्याच संध्याकाळी या सेवेला पहिला फोन केला.

खरी अडचण ट्रेकच्या नऊ दिवसांच्या कितीतरी आधी सुरू झाली. हर की दून सुमारे 3,566 मीटर उंचीवर आहे आणि रोज सहा-सात तास पाठीवर ओझे घेऊन चालायचे, तर निदान अडीच-तीन महिन्यांचा सराव हवा. पूर्वी माझा सराव म्हणजे बकुळला घेऊन वेताळ टेकडी चढणे. मधुमेह झाल्यावर तिचा व्यायामही जेवणासारखाच मोजून आणि रोज सारखा ठेवावा लागतो, एका दिवशी टेकडी आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती असे चालत नाही. सिंहगड आतकरवाडीच्या बाजूने पावसाळ्यात चढायचा तर पहाटे साडेपाचला घर सोडणे भाग, आणि बकुळची सुई सातला. सुई आधी देऊन निघावे तर बारा तासांचे अंतर मोडते, सातला देऊन मग निघावे तर गडाची वाट रविवारच्या गर्दीने भरून जाते. म्हणून मी या सेवेला रविवार सकाळचे काम आधी दिले. आज मागे वळून पाहता हाच सर्वांत शहाणपणाचा निर्णय ठरला, कारण माझा सराव आणि त्यांची परीक्षा एकाच वेळी होत गेली.

पहिल्या परीक्षेत ते नापास झाले, हे मला लिहिलेच पाहिजे. पहिल्या रविवारी मी मुद्दाम घरी थांबले होते. आलेला मुलगा वेळेवर आला, हात धुतले, बकुळला आधी हात हुंगू दिला, सर्व काही नीट. त्याने पिशवीतून स्वतःची सिरिंज काढली आणि तिचे टोपण नारिंगी होते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात, एका मिलिलिटरला 40 युनिट आणि एका मिलिलिटरला 100 युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची नारिंगी टोपणाची. बकुळची बाटली 40 ची आहे. नारिंगी सिरिंजमध्ये सहाच्या रेघेपर्यंत ते औषध ओढले असते तर तिच्या अंगात सहाऐवजी फक्त 2.4 युनिट गेले असते, आणि रोज असेच घडते तर आठवडाभरात साखर आभाळाला टेकली असती. याच्या उलट चूक तर याहून भयंकर, 100 ची बाटली आणि लाल सिरिंज एकत्र आली तर सहाच्या रेघेवर पंधरा युनिट जातात. मी त्याचा हात धरला आणि त्याला बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचायला लावला. त्याचा चेहरा उतरला. त्याने कोणतीही सबब सांगितली नाही, तिथूनच आपल्या वरिष्ठ बाईंना फोन लावला आणि त्या स्वतः तासाभरात घरी आल्या.

त्या बाईंनी जे केले त्यामुळे मी ही सेवा सोडली नाही. त्यांनी माफी मागितली आणि नंतर माझ्याकडून बाटलीचे खोके मागून घेऊन त्याचा फोटो काढला, बकुळच्या फाइलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने तीव्रता आणि टोपणाचा रंग लिहिला, आणि नियम घातला की या घरी बाहेरची सिरिंज येणार नाही, घरातील डब्यातलीच वापरायची. पुढच्या रविवारपासून त्यांनी दुसरी मुलगी पाठवली. ती चार वर्षे एका पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस होती. बाटली हलवून फेस आणण्याऐवजी तळहातांमध्ये हळूच घोळवून गढूळ औषध एकसारखे करणे, हवेचा बुडबुडा टिचकीने वर आणणे, मानेच्या मागची सैल कातडी तंबूसारखी उचलून त्याच्या पोकळीत सुई घालणे, हे तिने न सांगता केले. बकुळ त्या वेळी वाडग्याच्या तळाला चिकटलेला दुधी चाटत होती आणि तिने मान सुद्धा वळवली नाही. मला सुई द्यायला शिकताना तीन आठवडे लागले होते.

तिसऱ्या रविवारी मी सिंहगडावरून उतरून घरी आले आणि वहीतील नोंदी पाहून थोडी अस्वस्थ झाले. जेवण 7:00, सुई 7:00, फिरवणे 7:30, सगळे आकडे गोल. जेवण आणि सुई एकाच मिनिटाला होऊ शकत नाही, म्हणजे वही नंतर भरलेली होती. मी त्या मुलीला रागावले नाही, पण शांतपणे सांगितले की मला सात नको, सात वाजून बारा मिनिटे हवी आहेत, कारण एखाद्या दिवशी काही बिघडले तर डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतील. "काकू, दवाखान्यात सगळे असेच लिहायचे, पण तुमचे बरोबर आहे," असे ती म्हणाली. त्या दिवसापासून वहीत 7:04, 7:12, 7:41 असे खडबडीत, खरे आकडे दिसू लागले. माझ्या मते अशा सेवेची पहिली पारख तिच्या वहीत होते. नीटनेटकी, सुबक वही मला आता संशयास्पद वाटते.

ट्रेकच्या तयारीविषयी येथे फार लिहीत नाही. पहिल्या रविवारी मी घरीच होते, उरलेल्या सातपैकी चार रविवारी सिंहगड झाला, दोनदा पावसाने माघारी फिरवले, एकदा घोट्याला मुरड आली म्हणून घरीच बसले. पाठीवरचे ओझे चार किलोवरून आठ किलोवर नेले, नवे बूट घालून आमच्या इमारतीचे नऊ मजले रोज संध्याकाळी तीन वेळा चढले, तेही बकुळची सातची सुई झाल्यावर. ती दाराशी बसून माझ्या बुटांचा आवाज वर जाताना आणि खाली येताना ऐकत असे.

सप्टेंबरच्या शेवटी त्या वरिष्ठ बाई पुन्हा घरी आल्या आणि त्यांनी विचारलेला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. "काकू, तुमचा फोन लागणार नाही त्या दिवसांत निर्णय कोणाचा?" मोरी गाव मागे पडले की माझ्या फोनची रेंज जाणार हे मला ठाऊक होते. पाच तारखेच्या दुपारपासून अकरा तारखेच्या दुपारपर्यंत, म्हणजे सहा दिवस, मी असून नसल्यासारखी असणार होते. त्यांनी चार पानांचे संमतीपत्र आणले होते. बकुळचे नेहमीचे डॉक्टर कोण, ते नसतील तर रात्री कोणत्या रुग्णालयात न्यायचे, दाखल करावे लागले तर किती खर्चापर्यंत कोणाला न विचारता पुढे जायचे, माझ्या वतीने सही कोण करणार, तिने जेवण अर्धे सोडले तर काय आणि पूर्ण सोडले तर काय. यातील प्रत्येक उत्तर मी डॉक्टरांसमोर बसून भरले, आणि जेवणाविषयीच्या ओळींखाली डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिले, "आधी मला फोन, मगच डोस."

शेवटचा प्रश्न दयामरणाचा होता. प्रकृती हाताबाहेर गेली आणि डॉक्टरांनी तसा सल्ला दिला, तर मालकिणीची परवानगी आहे का. ती जागा मी दोन दिवस कोरी ठेवली. त्याच टेबलावर ट्रेकच्या संस्थेचा माझा स्वतःचा अर्ज पडला होता, त्यातही मला काही झाले तर कोणाला कळवायचे असा रकाना होता, आणि तो मी अर्ध्या मिनिटात भरून टाकला होता. बकुळच्या रकान्यापाशी मात्र पेन उचलवत नव्हते. दुसऱ्या रात्री ती माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपली असताना मी लिहिले की माझी वाट पाहत तिला वेदनेत ताटकळत ठेवू नये. माझा धाकटा भाऊ साताऱ्याला असतो, तो येऊन तिच्याजवळ बसेल आणि मगच डॉक्टरांनी योग्य ते करावे. भावाला फोन केला, तो एवढेच म्हणाला, "ताई, मी त्या आठवड्यात कुठे जात नाही." हा प्रश्न विचारायला धाडस लागते आणि गिऱ्हाईक बिथरेल म्हणून बहुतेक ठिकाणी तो टाळला जात असणार. या सेवेने तो विचारला, समोर बसून विचारला, आणि उत्तरासाठी घाई केली नाही. त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे त्यातील निम्मा या एका पानामुळे आहे.

चार तारखेला सकाळी सातची सुई मी दिली आणि घर सोडले. ती मुलगी रात्री मुक्कामाला येणार होती, संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ, आणि दुपारी एकदा तासभर कोणीतरी येऊन पाणी, लघवी आणि थोडा सहवास पाहणार होते. पाच तारखेला डेहराडूनहून निघून पुरोला, मोरी, नेटवाड करीत संध्याकाळी सांकरीला पोहोचलो. मोरीच्या अलीकडे आलेला शेवटचा फोटो बकुळच्या रिकाम्या वाडग्याचा होता. पुढे तालुका नावाच्या गावापर्यंत जीप आणि तिथून सुपिन नदीच्या काठाने पायी. रोज संध्याकाळी सात वाजता, तंबूत असो की चुलीजवळ, माझा हात घड्याळाकडे जात असे. तुकडीतील एका काकांनी तिसऱ्या दिवशी ते ओळखले आणि त्यानंतर सातला तेही न बोलता घड्याळ पाहू लागले. आठ तारखेला आम्ही हर की दूनला पोहोचलो. समोर स्वर्गारोहिणी उभी होती, ऊन स्वच्छ होते, आणि मी तिथे अर्धा तास बसले. तो अर्धा तास मी कशाचीही काळजी केली नाही. हे लिहिताना मला अपराधी वाटत नाही, कारण मागे जे करायचे ते सर्व करून आले होते.

अकरा तारखेला परतताना मोरीजवळ फोन थरथरू लागला आणि सहा दिवसांच्या वहीची पाने एकापाठोपाठ एक उतरली. मी सर्वांत आधी आठ तारीख उघडली, का ते सांगता येणार नाही. तिथे लिहिले होते : 7:05 जेवण दिले, निम्मेच खाल्ले. उलटी नाही, शेपूट हलवते आहे. 7:11 डॉक्टरांना फोन. 7:16 कानातून साखर तपासली, 231. 7:25 डॉक्टरांच्या सांगण्यावरून अर्धा डोस, 3 युनिट. 10:30 पुन्हा पाहिले, चाल नीट. 1:15 दुपारची फेरी, खेळली. 6:58 संध्याकाळचे पूर्ण जेवण, 7:14 पूर्ण डोस. मुलीने त्या सकाळी नऊला निघून जायचे होते, ती साडेदहापर्यंत थांबली होती, आणि त्याचे वेगळे पैसे तिने नंतरही मागितले नाहीत. जीप थांबवून मी भावाला फोन केला. त्यालाही त्याच दिवशी कळवलेले होते.

खर्चाचा हिशोब असा. मुक्कामाचा दर एका रात्रीला 1,100 रुपये, आठ रात्रींचे 8,800. दुपारची फेरी 300 रुपये, नऊ दिवसांचे 2,700. आधीचे आठ रविवार 400 प्रमाणे 3,200. साखर तपासण्याच्या पट्ट्यांचे 640. एकूण 15,340 रुपये. ही रक्कम लहान नाही, आणि केवळ खाऊपिऊ घालायला कोणी हवे असेल तर याहून बऱ्याच कमी पैशांत काम होते. इन्सुलिनवर असलेल्या, डोळ्यांनी अधू कुत्रीसाठी मला ती रास्त वाटली. सरावाच्या रविवारांचे पैसे वाचवावेत असे कोणाला वाटेल, पण त्या 3,200 रुपयांशिवाय नारिंगी टोपण मला दिसलेच नसते.

दोन उणिवा अजून आहेत. दुपारच्या फेरीला नऊ दिवसांत तीन वेगवेगळी माणसे आली आणि त्यातील एकाची मला आधी ओळखही करून दिली नव्हती. दिसत नसलेल्या जनावराच्या घरात हे चालणार नाही, बकुळ त्या दिवशी पलंगाखालून बाहेर आली नाही असे वहीतच लिहिले आहे. दुसरे असे की मी परत आल्यावर तिच्या मानेच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली. डॉक्टरांनी पाहून सांगितले की रोज एकाच ठिकाणी सुई दिल्याने कातडी तिथे जाड झाली आहे, काळजीचे कारण नाही, परंतु अशा जागी औषध नीट शोषले जात नाही. जागा रोज बदलायची हे त्या मुलीला ठाऊक होते, फक्त काल कोणती बाजू झाली हे वहीत लिहिण्याची पद्धत नव्हती.

फेब्रुवारीत मला चार दिवस नागपूरला जायचे आहे. त्यासाठी नोंदणी करताना मी त्यांच्याकडून दोन गोष्टी लेखी मागितल्या आहेत : दुपारच्या फेरीला एकच माणूस आणि त्याची बकुळशी आधी दोनदा भेट, आणि वहीत सुईच्या वेळेशेजारी डावी की उजवी असा आणखी एक रकाना. काल त्या बाईंनी नव्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला, त्यात तो रकाना आखलेला आहे.